झिरो संगीत महोत्सव : तंबूतल्या चार रात्रींची पूर्वतयारी

अरुणाचल प्रदेशाच्या लोअर सुबनसिरी जिल्ह्यातील झिरो हे पाइनच्या टेकड्यांनी वेढलेले भातशेतीचे खोरे असून त्याच्या कडेने आपातानी लोकांची गावे वसलेली आहेत. बॉबी हानो आणि अनुप कुट्टी यांनी २०१२ मध्ये येथे सुरू केलेला संगीत महोत्सव करोनाकाळातील खंड वगळता दरवर्षी सप्टेंबरच्या अखेरीस चार दिवस भरतो. दिवसाच्या कार्यक्रमांसाठी ‘दानी’ आणि रात्रीच्या कार्यक्रमांसाठी ‘पिलो’ असे दोन मंच बांबूंनी उभारले जातात, आणि श्रोत्यांपैकी बरेच जण जवळपासच तंबूत मुक्काम करतात.

पुण्या-मुंबईकडून तिकडे निघणाऱ्या अनेकांच्या गाठीशी सह्याद्रीतल्या पावसाळी भटकंतीचा अनुभव असतो. तो उपयोगी पडतो, पण पुरा पडत नाही. राजमाचीला किंवा हरिश्चंद्रगडाला जाणारा माणूस दिवसभर चिंब भिजतो आणि रात्री घरी परतून गरम पाण्याने आंघोळ करतो, किंवा पायथ्याच्या गावात कोणाच्या तरी पडवीत कपडे वाळत घालतो. झिरोला पहिल्या दिवशी भिजलेली वस्तू बहुधा शेवटच्या दिवसापर्यंत ओलीच राहते, कारण हवा दमट असते, ऊन बेभरवशाचे असते आणि तंबूत दोरी बांधायलाही जागा नसते. ईशान्य भारतातून मोसमी पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यास माघार घेतो, म्हणजे महोत्सव पावसाच्या हंगामातच येतो. म्हणून सगळी तयारी एकाच गोष्टीभोवती करावी, असे माझे ठाम मत आहे : झोपण्याची जागा आणि झोपतानाचे कपडे चारही रात्री कोरडे राहिले पाहिजेत. चिखल, थंड पाणी, उशिरा मिळालेले जेवण हे सगळे माणूस निभावून नेतो, परंतु रात्र ओल्यात काढली की दुसऱ्या दिवशी कितीही उत्तम गाणे समोर चालू असले तरी त्यात मन लागत नाही.

परवाना आणि प्रवास

सामानाच्या आधी कागदपत्रे पाहावीत. अरुणाचलात जाणाऱ्या बाहेरच्या प्रत्येक भारतीय नागरिकाला इनर लाइन परमिट लागते. ही पद्धत १८७३ च्या बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशनपासून चालत आलेली आहे. परवाना राज्य सरकारच्या संकेतस्थळावर ओळखपत्र आणि छायाचित्र देऊन काढता येतो. त्याच्या किमान तीन छापील प्रती आणि सोबत मूळ ओळखपत्र असावे, कारण तपासणी नाक्यावर मोबाइलला रेंज असेलच असे नाही आणि एक प्रत पावसात भिजू शकते. परवान्यातील तारखा परतीच्या दिवसानंतर दोन दिवसांपर्यंत चालणाऱ्या घ्याव्यात. परदेशी पारपत्र असणाऱ्यांना, आणि त्यात ओसीआय कार्डधारक मराठी मंडळीही आली, प्रोटेक्टेड एरिया परमिट हा वेगळा परवाना लागतो. तो सहसा नोंदणीकृत पर्यटन संस्थेमार्फत काढावा लागतो आणि त्यासाठी बराच आधीपासून पाठपुरावा करावा.

नेहमीचा मार्ग गुवाहाटीवरून जातो. मुंबईहून रेल्वेने गुवाहाटी गाठायला दोन दिवस किंवा त्याहून अधिक वेळ लागत असल्याने बहुतेक जण तिथवर विमानाने जातात. पुढे डोनी पोलो एक्स्प्रेस ही रात्रीची गाडी इटानगरजवळच्या नहारलागूनला पोहोचवते. इटानगरसाठी होलोंगी येथे नोव्हेंबर २०२२ मध्ये विमानतळ सुरू झाल्यामुळे तोही पर्याय आहे. नहारलागून ते झिरो हे सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर सामायिक सुमोने चार-पाच तासांत कापले जाते, पण दरड कोसळली तर किती वेळ लागेल हे कोणीच सांगू शकत नाही. ज्यांना घाटात मळमळते त्यांनी गोळी गाडीत बसण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यावी. उलटी सुरू झाल्यानंतर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

वेळेचा हिशेब करताना आपल्याकडच्या लोकांची हमखास फसगत होते ती सूर्यास्ताबाबत. घड्याळ तेच, पण झिरो इतके पूर्वेला आहे की सप्टेंबरअखेरीस पुण्यात साडेसहाच्या सुमारास मावळणारा सूर्य तिथे सव्वापाचच्या आसपासच मावळतो, आणि टेकड्यांमुळे खोऱ्यातला उजेड त्याहूनही आधी कमी होऊ लागतो. संध्याकाळी पाचला पोहोचून तंबू लावू, असा बेत केला तर तंबू अंधारात आणि बहुधा पावसात लावावा लागतो. पहिल्या दिवशी दुपारी दोन-तीनपर्यंत मुक्कामी पोहोचता येईल अशाच बेताने निघावे. त्याची भरपाई सकाळी मिळते, कारण पाच-सव्वापाचलाच उजाडलेले असते.

तंबू : आणायचा की भाड्याने घ्यायचा

महोत्सवाच्या काळात तंबू, गादी आणि पांघरुणासह भाड्याने देणाऱ्या संस्था असतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, आणि विमानाने जाताना ज्यांना वजनाची अडचण आहे अशांनी, हा मार्ग निःसंकोच घ्यावा. देशांतर्गत विमानात चेक-इन सामानाला बहुतेक कंपन्या पंधरा किलोंची मर्यादा घालतात आणि दोन माणसांचा तंबू त्यातले दोन ते तीन किलो खातो. मात्र आरक्षण करताना विचारून घ्यावे की तंबूला वरचे स्वतंत्र आवरण आहे का, तो जमिनीवर आहे की लाकडी किंवा बांबूच्या मचाणावर, आणि पांघरूण म्हणून नेमके काय मिळणार आहे. मचाणावरचा तंबू मिळत असेल तर त्यासाठी थोडे जास्त पैसे देणे मी योग्य मानतो. ज्येष्ठांनी किंवा लहान मुले सोबत असलेल्यांनी गावातल्या होमस्टेचा विचार करावा. दिवसभर गाणे ऐकून रात्री घरात, चुलीच्या उबेला झोपण्यात काहीही कमीपणा नाही.

स्वतःचा तंबू नेणार असाल तर तो दोन थरांचा असावा : आत जाळीचा श्वास घेणारा थर आणि बाहेर जमिनीपर्यंत येणारे जलरोधक आवरण. आवरणाच्या कापडावर मिलिमीटरमध्ये एक आकडा दिलेला असतो. कापड पाण्याचा किती उंचीचा स्तंभ पेलते ते तो सांगतो. झिरोच्या पावसासाठी आवरण दोन-तीन हजार मिलिमीटरचे आणि तळ त्याहून सरस असावा. दोन माणसांसाठी तीन माणसांचा तंबू घ्यावा, कारण दोन सॅकही आतच झोपणार असतात आणि अंग किंवा सामान भिंतीला टेकले की तिथून ओल आत येते.

निघण्यापूर्वी किमान पंधरा दिवस आधी तंबू सोसायटीच्या गच्चीवर एकदा पूर्ण उभा करावा. खुंट्या गच्चीत ठोकता येत नाहीत म्हणून दोर विटांना किंवा पाण्याने भरलेल्या बादल्यांना बांधावेत. मग माळीकामाच्या नळीने दहा मिनिटे वरून पाणी सोडावे, स्वतः आत बसून टॉर्चच्या उजेडात प्रत्येक शिवण पाहावी, आणि जिथे थेंब दिसेल तिथे खडूने खूण करून, कापड पूर्ण वाळल्यावर, शिवणीवर लावण्याचे सीलर आतल्या बाजूने लावावे. याच वेळी कोणती काठी कोणत्या खाचेत जाते हेही हाताला कळते. अंधार पडत असताना, वारा सुटला असताना ते शिकण्याची वेळ येऊ नये.

तिथे पोहोचल्यावर जागा निवडण्यात पाच मिनिटे अधिक गेली तरी चालतील. मैदान सपाट दिसत असले तरी पूर्ण सपाट नसते. भातखाचरांच्या पट्ट्यात पाणी कुठे साठेल हे गवताच्या रंगावरून आणि पायाखालच्या मऊपणावरून कळते. खोलगट जागा, येण्याजाण्याची वाट आणि शौचालयाचा शेजार या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. डोके किंचित उंचावर येईल असा तंबू लावावा आणि दार वाऱ्याच्या दिशेला करू नये. पाऊस पडत असेल तर आधी बाहेरचे आवरण उभे करता येते का ते पाहावे; काही तंबूंत ती सोय असते आणि मग आतला भाग कोरडाच टांगता येतो.

एक चूक मात्र जाणत्या ट्रेकरांच्याही हातून होते. जमिनीची ओल लागू नये म्हणून तंबूखाली ताडपत्री किंवा प्लास्टिक अंथरले जाते आणि ते चांगलेच आहे, परंतु त्याची कड तंबूच्या बाहेर चार बोटे जरी राहिली तरी आवरणावरून ओघळणारे सगळे पाणी त्या कडेवर पडते, तिथून ते आत सरकते आणि तंबूचा तळ व ताडपत्री यांच्यामध्ये साचून राहते. मग तळ कितीही चांगला असला तरी रात्री अंगाच्या भाराने ते पाणी वर पाझरते आणि पहाटे पाठ ओली लागते. ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा सर्व बाजूंनी दोन-तीन बोटे लहान कापावी किंवा कडा खालच्या बाजूला दुमडून घ्याव्यात.

पावसाचा थेंबही आत आला नाही तरी सकाळी आतल्या बाजूला दंव जमलेले आढळते. ते आपल्याच श्वासातले बाष्प असते. थंडी वाजते म्हणून सगळ्या झडपा बंद केल्या की ते वाढते, म्हणून वरच्या झडपा रात्रभर उघड्या ठेवाव्यात आणि ओले कपडे आतल्या भागात कधीही ठेवू नयेत. दोरांना पांढऱ्या किंवा भडक कापडाच्या चिंध्या बांधाव्यात. त्यामुळे अंधारात कोणी अडखळत नाही आणि सारख्या दिसणाऱ्या तंबूंच्या गर्दीत आपला तंबूही सापडतो.

अंथरूण-पांघरूण

झिरो समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर किंवा त्याहून थोडे अधिक उंचीवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याच्या जवळपास. विरळ हवेचा त्रास या उंचीवर होत नाही. दिवसा ऊन पडले तर नुसता सदरा पुरतो, पण रात्री पारा पंधरा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो आणि दमटपणामुळे तोच गारवा अधिक बोचतो.

स्लीपिंग बॅगवर दोन तापमाने छापलेली असतात. ‘कम्फर्ट’ या आकड्यापर्यंत माणूस निवांत झोपू शकतो, तर ‘लिमिट’ हा आकडा अंग आखडून कशीबशी रात्र काढण्याचा असतो. खरेदी पहिला आकडा पाहून करावी आणि तो दहा अंशांच्या आसपास असावा. पिसे भरलेली बॅग हलकी आणि उबदार असते, परंतु ओली झाली की पिसे चिकटून बसतात आणि ऊब निघून जाते. म्हणून इथे कृत्रिम तंतूंची बॅग वजनाला जड असली तरी अधिक भरवशाची ठरते.

बॅगेइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, महत्त्व खाली अंथरायच्या पातळ गादीला, म्हणजे कॅरीमॅटला आहे. अंगाखाली बॅग दाबली जाते, तिच्यातली हवा निघून जाते आणि मग शरीराची उष्णता थेट जमिनीत जाते. थंडी वाजते म्हणून लोक वर पांघरुणे वाढवत राहतात, तेव्हा गारवा खालून येत असतो. बंद पेशींच्या फोमची साधी कॅरीमॅट पाणी शोषत नाही, फुटत नाही आणि स्वस्तही असते. फुगवायची मॅट अधिक मऊ असते, पण ती घेतलीच तर छिद्र बुजवायची पट्टी सोबत असावी. उशी नेण्याची गरज नाही. दुसऱ्या दिवशीचे कपडे पिशवीत भरले की उशी होते.

कपडे आणि पाय

कपड्यांचे दोन स्पष्ट गट करावेत. पहिला गट दिवसाचा : हे कपडे भिजणार, मळणार, आणि सकाळी थंड व ओलसर असले तरी तेच पुन्हा अंगावर चढवायचे आहेत. दुसरा गट रात्रीचा : थर्मलचा एक जोड, लोकरीचे जाड मोजे आणि कानटोपी. हा दुसरा गट तंबूच्या बाहेर कोणत्याही कारणाने न्यायचा नाही. तिसऱ्या दिवशी, दिवसाचे सगळे कपडे ओले झालेले असताना, रात्रीचा कोरडा सदरा घालून बाहेर पडण्याचा मोह फार होतो. तो टाळला तर शेवटची रात्र नीट जाते.

दिवसाच्या गटात जीन्स नसावी. जाड सुती कापड भरपूर पाणी धरून ठेवते, जड होते आणि वाळत नाही. पॉलिस्टरच्या दोन पॅन्ट, तीन टी-शर्ट, एक फ्लीस आणि वरून विंडचीटर पुरते. मोजे मात्र सढळ हाताने न्यावेत. अंग पुसायला टर्किश टॉवेलऐवजी आपला पातळ पंचा न्यावा. तो पिळला की निम्मा वाळतो, गळ्याभोवती गुंडाळता येतो आणि सॅकच्या कोपऱ्यात मावतो.

पावसासाठी छत्री नको. मंचासमोर उघडलेली छत्री मागच्या दहा जणांची दृष्टी अडवते आणि गर्दीत तिची काडी कोणाच्या तरी डोळ्यापाशी येते. सॅकसह अंग झाकणारा पोंचो हे उत्तम साधन आहे. त्याच्या आत घामाने थोडे ओलसर होतेच, त्याला इलाज नाही.

झिरोच्या चिखलात ट्रेकिंगचे बूट पहिल्या संध्याकाळी भिजतात आणि मग वाळत नाहीत, म्हणून तिथे गमबूट हेच खरे पादत्राण आहे. ते झिरो खोऱ्यातल्याच हापोली या शहराच्या बाजारात मिळतात. तिथे घेतले तर विमानातले वजन वाचते, मात्र ज्यांचे पाऊल मोठे आहे त्यांनी आपल्या मापाचा जोड घरूनच न्यावा. गमबुटात घाम जिरत नाही, त्यामुळे दिवसभर ते घालून फिरणाऱ्याच्या पायांची कातडी पांढरी पडून सोलवटू लागते. यावरचा उपाय साधा असला तरी नेमाने करावा लागतो : रात्री तंबूच्या दारात बसून बूट काढावेत, पाय पंचाने बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करावेत, बुरशी रोखणारी पावडर लावावी, दहा मिनिटे पाय उघडे ठेवावेत आणि मगच लोकरीचे मोजे घालावेत. बूट आवरणाच्या आत उलटे ठेवावेत आणि सकाळी घालण्यापूर्वी झटकावेत. मैदानात चपलांची गरज पडते, तेव्हा मागून पट्टा असलेले फ्लोटर्स न्यावेत. साधी चप्पल चिखलात रुतून राहते.

सॅक कशी भरावी

सॅकवर ओढायचे रेनकव्हर पाठीच्या बाजूने पाणी आत येऊ देते, म्हणून त्यावर विसंबू नये. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी अस्तरासारखी घालावी, सगळे सामान तिच्यात भरावे आणि तोंड पिळून, दुमडून बांधावे. त्या पिशवीत स्लीपिंग बॅग आणि रात्रीचे कपडे पुन्हा आपापल्या स्वतंत्र पिशव्यांत असावेत. स्लीपिंग बॅग तळाशी, त्यावर रात्रीचे कपडे, मध्ये जड वस्तू पाठीलगत, आणि सर्वांत वर पोंचो व टॉर्च. तंबू मात्र या अस्तराच्या बाहेर, कारण पोहोचल्याबरोबर तो भर पावसात काढावा लागेल आणि तेव्हा बाकीची सॅक उघडावी लागू नये. परतताना तो ओला असेल, तेव्हाही हीच मांडणी कामी येते.

विमानाचे काही नियम इथेच लक्षात घ्यावेत. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, ती हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते आणि शंभर वॉट-अवरपर्यंतच सहज नेता येते. वीस हजार मिलिअँपिअर-अवरची बँक साधारण चौऱ्याहत्तर वॉट-अवरची भरते, म्हणजे ती मर्यादेत बसते. तंबूच्या लोखंडी खुंट्या आणि चाकू चेक-इनमध्ये टाकावेत. स्वयंपाकाच्या गॅसचे डबे विमानात आणि रेल्वेत दोन्हीकडे निषिद्ध आहेत. तिथे जेवणाचे स्टॉल असतात, त्यामुळे चूल नेण्याचा विचार सोडून द्यावा.

दिवसभराची छोटी पिशवी

दिवसा तंबू सोडला की रात्रीपर्यंत परत येणे होत नाही, म्हणून पोंचो, फ्लीस, पाण्याची स्टीलची बाटली, हेड टॉर्च, रोख रक्कम, थोडा खाऊ आणि कानातले बोळे पाठीवरच असावेत. टॉर्च हातातली नको, डोक्याला बांधायची हवी. चिखलात दोन्ही हात मोकळे लागतात. लाल प्रकाशाची सोय असेल तर ती गर्दीत वापरावी, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. मोबाइल रेंजचा भरवसा नसल्यामुळे यूपीआयवर अवलंबून राहू नये. चार दिवस पुरेल एवढी रोख, त्यात लहान नोटा अधिक, गुवाहाटीतच काढून घ्यावी आणि दोन ठिकाणी विभागून ठेवावी. त्याच कारणाने बरोबरच्या मंडळींशी एक ठिकाण आणि एक वेळ रोज सकाळीच ठरवून घ्यावी.

कानातल्या बोळ्यांविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्याकडे त्यांचा वापर जवळजवळ होतच नाही. पंचाऐंशी डेसिबलचा आवाज आठ तास सुरक्षित मानला जातो आणि त्यावर दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे शंभर डेसिबलला ती केवळ पंधरा मिनिटांवर येते. भिंतीएवढ्या स्पीकरपुढे तेवढा आवाज सहज असतो. संगीतावर प्रेम असलेल्या माणसाने आपले कान जपायला हवेत, कारण एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. फोमचा बोळा घालण्याची पद्धत अशी : स्वच्छ बोटांनी तो वळून शक्य तितका बारीक करावा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, बोळा आत सरकवावा आणि तो फुगून बसेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. नुसता कानाच्या तोंडाशी चिकटवलेला बोळा काहीच करत नाही. गाणे मूळ रंगात ऐकायचे असेल तर संगीतासाठी बनवलेले सिलिकॉनचे बोळे मिळतात, त्यांनी आवाज सारखाच कमी होतो आणि शब्द बुजत नाहीत. फोमचे बोळे रात्री झोपतानाही उपयोगी पडतात, कारण शेजारच्या तंबूतली मैफल उशिरापर्यंत चालू असते.

खाणे आणि औषधे

स्टॉलवर भात, मोमो, थुक्पा, भाजलेले मांस आणि आपातानींचा बांबूच्या कोंबांचा ‘पिके पिला’ यांसारखे पदार्थ मिळतात. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण निवड मर्यादित असते आणि पावसात रांगा लांबतात. घरून मेतकूट, भाजक्या पोह्यांचा चिवडा, चिक्की, खजूर आणि गूळ न्यावा. दशम्या पहिल्या दोन दिवसांतच संपवाव्यात. गरम भातावर मेतकूट आणि तूप हे थंडीतले एक पूर्ण जेवण होते. तांदळाची स्थानिक मद्ये पिणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की मद्याने अंग गरम झाल्याचा भास होतो तो त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे, आणि त्यामुळे शरीर प्रत्यक्षात उष्णता गमावत असते. थंड पावसात ही बाब धोक्याची ठरते.

नेहमीची औषधे दुप्पट घेऊन दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवावीत. त्यांच्या जोडीला पॅरासिटामॉल, ओआरएस, ॲलर्जीची गोळी, पट्ट्या, जंतुनाशक मलम आणि डास-माश्यांसाठी अंगाला लावायचे मलम असावे. पायथ्याच्या प्रदेशात हिवताप असल्याने प्रवासात पूर्ण बाह्या घालाव्यात. दम्याच्या रुग्णांनी इनहेलर छोट्या पिशवीतच बाळगावा. हापोलीत जिल्ह्याचे रुग्णालय आहे, पण रात्री तिथवर वाहन मिळायला वेळ लागतो, म्हणून ताप किंवा जुलाब सुरू झाल्यावर सकाळची वाट पाहत बसू नये.

खोऱ्यातल्या माणसांचा मान

महोत्सव भरतो तेव्हा खोऱ्यातला भात पिवळा होऊ लागलेला असतो. आपातानी शेतकरी याच खाचरांत भाताबरोबर मासेही वाढवतात, आणि बांध हे त्यांच्या पाण्याच्या वाटपाचे साधन आहे. छायाचित्रासाठी बांधावर उड्या मारल्याने किंवा खाचरात उतरल्याने कोणाच्या तरी वर्षभराच्या पिकाचे नुकसान होते. गावातल्या काही वृद्ध स्त्रियांच्या चेहऱ्यावर गोंदण आणि नाकात लाकडी चकत्या दिसतात. ही प्रथा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबली, त्यामुळे हे रूप आता आजींच्या पिढीपुरतेच उरले आहे. त्यांच्याकडे कॅमेरा रोखण्यापूर्वी जवळ जाऊन विचारावे, आणि त्यांनी मान हलवून नकार दिला तर तो शांतपणे स्वीकारावा.

कचऱ्यासाठी दोन मजबूत पिशव्या न्याव्यात. ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड, बॅटरीचे सेल आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे त्या खोऱ्यात विल्हेवाट लावता येण्यासारख्या वस्तू नाहीत. त्या बंद पिशवीत भरून मोठ्या शहरापर्यंत परत आणाव्यात. मासिक पाळीचा कप वापरण्याची सवय असलेल्यांची इथे मोठी सोय होते, पण ती सवय घरी आधी दोन-तीन महिने झालेली असावी, मैदानावर पहिला प्रयोग करू नये.

परतीचा दिवस

शेवटच्या सकाळी तंबूचा आतला भाग आधी सोडवून कोरडाच गुंडाळावा, मग बाहेरचे आवरण झटकून वेगळ्या पिशवीत कोंबावे. दोन्ही एकत्र गुंडाळले तर कोरडेही ओले होते. खुंट्या मोजून घ्याव्यात, कारण गवतात राहिलेली एखादी खुंटी पुढे कोणाच्या पायात किंवा गुराच्या खुरात जाते. त्याच दिवशीचे विमान धरण्याचा बेत ठेवू नये. झिरोहून नहारलागूनचा रस्ता दरडीने तासन्‌तास बंद राहू शकतो, म्हणून मध्ये किमान एक रात्र हाताशी असावी. गुवाहाटीच्या मुक्कामात खोलीतला पंखा लावून आवरण पसरून टाकले तर निम्मे काम तिथेच होते. घरी आल्यावर तंबू, कॅरीमॅट आणि सॅक दोन दिवस सावलीत वाळवावी, मातीचे डाग साबणाविना कोमट पाण्याने पुसावेत, आणि स्लीपिंग बॅग तिच्या छोट्या पिशवीत दाबून न ठेवता एखाद्या मोठ्या सुती पिशवीत सैल टांगून ठेवावी, म्हणजे तिची ऊब पुढच्या हंगामापर्यंत टिकते.